पलटवलेलंच पुन्हा पलटवलं

हे मी ज्या कागदावर लिहून राहिलो, त्याची दुसरी बाजू पाहू नका. पाहिली तरी वाचता येणार नाही. तिथं तरोट्याच्या भाजीवर दुसरंच काहीतरी छापलं गेलं आहे आणि दोन्ही मिळून नुसता अक्षरांचा चिखल झाला आहे. पण ही बाजू कोरी राहिली. असे वीसएक कागद माझ्याजवळ आहेत. फेकून देणं जमलं नाही, म्हणून लिहायला काढले. शाळा माझी चौथीपर्यंतची, तेव्हा अक्षर पाहून हसू नका. सून टाईप करील तेव्हा नीट करील.

बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं. आमच्याकडे वर्षश्राद्धाला, म्हणजे वर्षीला, भांडी वाटतात. वाटी, गडवा, डबा, ज्याची जशी ऐपत. वर मेलेल्या माणसाचं नाव कोरतात. बायको खाटेवर पडली होती तेव्हाच तिनं हे बंद करून टाकलं. म्हणाली, "माह्या नावाची वाटी नका वाटू. लोकं त्याच्यात मीठ ठेवतेत. मीठ काढता काढता कोन आठवन करते?"

मग काय वाटायचं, असं मी विचारलं. तर ती म्हणाली, मी ज्या भाज्या करते त्या लिहून वाटा.

तिला लिहिता येत नव्हतं. पण जंगलातली कोणती भाजी कोणत्या नक्षत्रात येते, कोणती एक पाणी मागते, कोणती दोन पाणी मागते, हे आमच्या गावात तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. सुनेनं मोबाईल तिच्या उशाशी ठेवला आणि ती बोलेल तसं भरून घेतलं. नंतर बसून सगळं टाईप केलं. वीस पानं झाली. मी कबूल केलं की वर्षीला येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हाती तिचं हे पुस्तक पडेल. कबूल केलं ते केलंच, वर गावभर सांगूनही ठेवलं. ज्या बायका तिच्यासोबत धानाच्या रोवण्याला आणि तेंदूच्या पानाला जात होत्या, त्या रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, "भाऊ, पुस्तक कवा?" आणि मी असा रुबाबात सांगायचो, जसं काही छापखाना माझाच आहे.

छापखाना म्हणजे सुनेचा प्रिंटर. ती घरीच लोकांचे फॉर्म भरून देते, त्यासाठी घेतलेला. काळा, ठेंगणा, पुढच्या बाजूनं जबडा उघडलेला. त्या जबड्यात कोरे कागद ठेवायचे. आत ओढतो, पोटात गरम करतो आणि छापलेला कागद डोक्यावर आणून टाकतो. सिंदेवाहीहून कागदाचा एक मोठा गठ्ठा आणून ठेवला होता. पुस्तकं पंचवीस. कागद दोन्ही बाजूंनी छापायचे, म्हणजे पुस्तक पातळ होईल आणि गठ्ठा पुरेल, असं सुनेचं गणित.

तिचा प्रिंटर दोन बाजूंनी छापतो, पण आपल्या मनानं नाही. आधी एक, तीन, पाच अशी पानं छापतो. मग थांबतो, हिरवा दिवा लुकलुकतो आणि स्क्रीनवर एक चित्र येतं. तेव्हा माणसानं डोक्यावरचे कागद काढून परत जबड्यात ठेवायचे आणि बटण दाबायचं. मग तो उरलेली पानं मागच्या बाजूला छापतो.

वर्षीला सात दिवस उरले असताना सुनेच्या माहेरून निरोप आला, तिची आई पडली, पाय मोडला. माहेर भामरागडच्या पलीकडे. मुलगा तिला घेऊन गेला. दोन दिवसांत येतो म्हणाले. जायच्या आधी तिनं मला प्रिंटरपाशी बसवलं आणि सगळं दाखवलं, माहीत असू द्या म्हणून. हे चिन्ह दाबा, हे बटण दाबा. शेवटी म्हणाली, "मामाजी, कागद परत ठेवताना एक गोष्ट ध्यानात..."

मी तिला तिथंच थांबवलं. म्हटलं, "माय, कागद पलटवाचं मले शिकवतं का? मी जिंदगीभर पलटवाचंच काम केलं."

ती हसली आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिकडे नद्यांना पूर आला, पूल पाण्याखाली गेले आणि रस्ता बंद. फोनही बंद. इकडे वर्षीला सहा दिवस.

पलटवायचं काम म्हणजे काय ते सांगतो. उन्हाळ्यात तेंदूची पानं तोडून त्यांचे पुडे बांधतात. ते पुडे फळीवर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या रानात, ओळीनं वाळत घालतात. वरची बाजू वाळली की प्रत्येक पुडा पलटवावा लागतो. नाहीतर खालची बाजू काळी पडते आणि पान वाया जातं. बायको पानं तोडायची, मी फळीवर पुडे पलटवायचो. किती उन्हाळे पलटवले, मोजले नाही. आता ज्या माणसानं एवढे पुडे पलटवले, त्यानं दहा कागद पलटवायला काय?

मी चिन्ह दाबलं. प्रिंटरनं घर्र केलं आणि दहा कागद डोक्यावर आणून टाकले. गरम गरम. छापलेली बाजू खाली, कोरी वर. दिवा लुकलुकला. स्क्रीनवर चित्र आलं, त्यात वरून खाली जाणारा एक वाकडा बाण. मी म्हटलं, बाण वाकडा आहे म्हणजे पलटव म्हणून राहिला. गठ्ठा उचलला, छान पलटवला, जबड्यात ठेवला, बटण दाबलं.

आलेल्या कागदांकडे पाहिलं तर एक बाजू कोरी आणि दुसऱ्या बाजूला भाजीवर भाजी. पहिल्या पानावर तरोट्याखाली काहीतरी दुसरंच होतं. एखादं अक्षर डोकं वर काढायचं, बाकी सगळं बुडालेलं.

मला वाटलं पलटवायचा रोख चुकला. दुसऱ्या वेळी उजवीकडून डावीकडे पलटवण्याऐवजी डोकं खाली पाय वर असं पलटवलं. आता एक भाजी सुलटी आणि तिच्यावर दुसरी उलटी टांगलेली. कोरी बाजू कोरीच. मी प्रिंटरला काय म्हटलं ते इथं लिहीत नाही, सून टाईप करणार आहे.

तेवढ्यात शेजारची बाई माझं जेवण घेऊन आली. ही बायकोची मैतरीण. दोघींनी सोबत रोवणे केले, सोबत पानं तोडली, आणि माझ्यावर सोबत हसल्या. बायको गेल्यापासून एकटीच दोघींच्या वाटणीचं हसते. सून घरी नसली की जेवण तीच आणते. तिला वाचता येत नाही. तिनं ताट ठेवलं, खराब झालेला कागद उचलला, एकदा ही बाजू पाहिली, एकदा ती.

"एक बाजू काळी, एक बाजू गोरी," ती म्हणाली. "भाऊ, पलटवलेलाच पुडा पलटवला न?"

हे ऐकलं आणि घास हातातच राहिला.

कारण ही गोष्ट माझ्या बायकोची होती. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात मी फळीवर पुडे पलटवत होतो. पाणी प्यायला गेलो. परत आलो तर कोणत्या ओळीपर्यंत पलटवलं ते आठवेना. मी पुन्हा सुरू केलं आणि पलटवलेली अख्खी ओळ परत पलटवली. म्हणजे जशी होती तशी केली. बायको पानाचा भारा घेऊन येत होती, तिनं पाहिलं. माणसांच्या देखत काही बोलली नाही. मोठी हुशार. घरी आल्यावर बोलली, आणि मग मरेपर्यंत बोलत राहिली. मी शर्ट उलटा घातला की पलटवलेलाच पुडा. गेलेल्या घरी पुन्हा निरोप सांगायला गेलो की पलटवलेलाच पुडा. त्या उन्हाळ्यानंतर ती पुडा बांधतानाच एका पानाचा देठ वरच्या बाजूनं बाहेर ठेवायची. देठ दिसला म्हणजे पलटवायचा आहे, दिसला नाही म्हणजे पलटवला. मी आंधळ्यासारखं काम केलं तरी चुकू नये म्हणून. पुडे मोजणारा मुन्शी विचारायचा, तुमच्या घरचे पुडे असे काऊन? ती म्हणायची, आमच्या घरची रीत आहे.

जेवण झाल्यावर मी एक खराब कागद घेतला. कोरी बाजू वर केली. तिच्यावर पेन्सिलनं एक फुली मारली, आत जाणाऱ्या टोकाशी. हा माझा देठ. जबड्यात ठेवला, एक पान छापलं. कागद डोक्यावर आला तेव्हा फुली दिसेना. उचलून पाहिलं तर फुली खालच्या बाजूला, छापलेल्या अक्षरांसोबत.

म्हणजे प्रिंटर पोटातून नेता नेता कागद आपणच पलटवतो. आणि त्यानं पलटवलेला मी पुन्हा पलटवत होतो. बाई कमरेवर हात ठेवून पाहत होती. मी तिला सांगितलं की हा आपणच पलटवते.

"मंग तुमाले कायले ठेवलं?" ती म्हणाली आणि रिकामं ताट घेऊन गेली.

आता पलटवायचं नाही, हे पक्कं झालं. पण माझा हात रिकामा बसत नाही, हे बायकोला माहीत होतं, मला नव्हतं. तिसऱ्या वेळी दहा कागद डोक्यावर आले तेव्हा पाहिलं तर शेवटचं पान सगळ्यात वर आणि पहिलं सगळ्यात खाली. असं उलटं कसं चालेल? मी बसून नीट रचले, पहिलं वर, शेवटचं खाली. पलटवलं मात्र एकही नाही. मोठ्या समाधानानं बटण दाबलं. दोन्ही बाजूंना स्वच्छ छापून आलं. संध्याकाळी बाई आली तेव्हा मी पाय पसरून बसलो होतो. म्हटलं, कोणती भाजी वाचून दाखवू? ती म्हणाली वास्त्याची. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आमच्याकडे पावसाळ्यात घरोघरी होतात.

मी बोट ठेवून वाचलं. वास्ते बारीक कापा, रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी ते पाणी फेका. पान उलटलं. मागच्या बाजूला वाचलं, आता त्याला बेसन फासा, गुंडाळी करा आणि वाफवा.

बाईनं तो कागद पालथा घातला. मग म्हणाली, "भाऊ, अशे वास्ते खाल्ले तं तिच्या वर्षीसोबत गावाची तेरवी कराव लागन."

वास्ते उकळून पाणी फेकल्याशिवाय कोणी खात नाही. ते उकळायचं पाणी दुसऱ्याच पानामागे जाऊन बसलं होतं आणि इथं धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, वड्या येऊन बसल्या होत्या. मी हसलो नाही. बायकोच्या नावानं असा कागद एखाद्या नव्या सुनेच्या हाती पडला असता तर? आयुष्यभर जिच्या हातचं खाऊन कोणाचं पोट दुखलं नाही, तिचं नाव मी एका दिवसात घालवलं असतं. बाकीची पानं पाहिलीच नाही, गठ्ठा उचलून खाटेखाली टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं की डोक्यावरून काढायचं आणि जबड्यात ठेवायचं, मधात काही करायचं नाही. पलटवायचं नाही, रचायचं नाही, सुधारायचं नाही. गठ्ठा दोन्ही हातात धरला आणि भरल्या भांड्यासारखा जसाच्या तसा खाली आणला. तो वाकडा बाणही हेच सांगून राहिला होता, वरून खाली आण, बस.

हे लिहायला एक ओळ लागली. करताना माझे हात सारखे पलटवायला वळत होते. कारण हातांना सवय लागली होती पलटवायची, आणि ती फळीवरची नव्हती. शेवटचे चार महिने बायको उठू शकत नव्हती. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. सून म्हणाली मी करते. मी म्हटलं, नाही, मी पलटवतो. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. पहिल्या दिवशी बायको म्हणाली होती, "मी का तेंदूचा पुडा होय?" आणि दुसऱ्या दिवसापासून मी जवळ गेलो की आपणच विचारायची, "देठ दिसला का?" ती गेल्यावरही कितीतरी दिवस मी दोन दोन तासांनी खाटेपाशी जाऊन उभा राहायचो. काय करावं ते समजायचं नाही.

असो. कागद जसेच्या तसे ठेवले, बटण दाबलं.

बरोबर आलं. एकामागे दोन, तीनमागे चार. वास्त्यामागे वास्त्याचंच उकळतं पाणी. मी उठलो नाही. आता विश्वास कोणावरच नव्हता, म्हणून पहिल्या पानापासून एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेलो. माझं वाचन बैलगाडीचं, दुपार झाली. तरोटा झाला, कुड्याची फुलं झाली, काटवल झाले. प्रत्येक भाजीत ती कोणाला ना कोणाला टोमणा मारतच होती. एकोणिसावं पान सात्यांचं. सात्या म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या छत्र्या, तिची सगळ्यात आवडती भाजी. ते वाचून झालं आणि पान उलटलं. विसाव्या पानावर भाजी नव्हती.

तिथं लिहिलं होतं:

"आता शेवटचं. भाजी कोनतीही असो, झाकन ठेवा अन् तिले तिच्या जीवानं शिजू द्या. घडीघडी पलटवू नका. आमच्या घरी एक मानूस आहे, त्याच्या हाती सराटा दिला का भाजीचा लगदा होते. वर्षीच्या दिवशी त्याले चुलीजवळ येऊ देऊ नका. पन त्याले कोनी बोलू नका. मी एवढे दिवस खाटेवर पडून आहे अन् माह्या पाठीले एक फोड नाई. ते त्याच्याच हातानं."

मी ते दोनदा वाचलं. मग चष्मा पुसला. पावसात काचा धुरकट होतात.

आता कळलं की पहिल्या दिवशी तरोट्याच्या खाली कोण बुडालं होतं. शेवटचं पान पहिल्यावर छापलं गेलं होतं. आणि खाटेखाली फेकलेल्या गठ्ठ्यातही हेच पान स्वच्छ छापून पडलं होतं. मी पाहिलं नाही. तिच्या खाटेखाली मीच तिला ढकलून दिलं होतं.

पहिला विचार आला तो सांगतो, लपवत नाही. हे पान काढून टाकावं. पंचवीस घरांत मी लगदा करणारा म्हणून वाचला जाणार. दुसरं म्हणजे पाठीची ती गोष्ट आमच्या घरातली होती, ती गावानं कशाला वाचावी? पण काढायचं कसं? विसावं पान एकोणिसाव्याच्या मागं. काढलं तर सात्यांची भाजीही जाते. सात्यांशिवाय तिचं पुस्तक म्हणजे मिठाशिवाय भात. एका बाजूला सात्या, एका बाजूला मी, मधात जागाच नाही.

त्याच दिवशी सुनेचा फोन लागला. पाणी ओसरून राहिलं, दोन दिवसांत निघतो म्हणाली. मग विचारलं, "मामाजी, छापणं कुठवर आलं?" मी म्हटलं, शेवटच्या पानापर्यंत.

"तू मले सांगतलं काऊन नाई?" मी विचारलं.

"आत्याबाईनंच मना केलं होतं," ती म्हणाली. आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी बायको. "त्या म्हने, छापल्यावरच कळू दे. आधी कळलं तं काढून टाकतीन."

मेली तरी माझ्या एक पाऊल पुढं.

मग मी कामाला लागलो. दोन दिवस छापत होतो. हवा एवढी ओली की कागद एकमेकांना चिकटायचे, प्रिंटर दोन दोन ओढायचा आणि मग सगळ्यांच्या मागची बाजू एकानं सरकायची. बाईनं उरलेला गठ्ठा उचलून तांदळाच्या पिंपात खुपसला. म्हणाली, तांदूळ ओल पितो. दुसऱ्या दिवशी कागद कुरकुरीत. प्रत्येक पुस्तकाचं नववं, वास्त्याचं पान मी उलटून पाहिलं, मागे उकळतं पाणी आहे की नाही. मग विसावं पाहिलं. ते पाहायची गरज नव्हती.

सून आणि मुलगा वर्षीच्या आदल्या दिवशी आले. सुनेनं पुस्तकं पाहिली आणि टाचण्या मारायला बसली. मग खाटेखालचा खराब कागदांचा ढीग तिला दिसला. मी म्हटलं, ते राहू दे.

वर्षीला बायका आल्या. पंचवीसही पुस्तकं गेली. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी मांडवातच मधातून, शेवटून, कुठूनही वाचायला सुरुवात केली. आमच्या बायकांना कोणतीही गोष्ट शेवटून कळते. मी मागच्या बाजूला चुलीपाशी गेलो होतो. मोठ्या गंजात अंबाडीची भाजी रटरटत होती, स्वयंपाक करणारा पाणी आणायला गेला होता आणि भाजी खाली लागेल असं मला वाटलं. मी भाजी पलटवायला सराटा उचलला.

मांडवातून हसण्याचा आवाज आला, मग एकदम शांत झालं. थोड्या वेळानं शेजारची बाई आली. तिला वाचता येत नाही, म्हणजे कोणीतरी वाचून दाखवलं होतं. डोळे लाल होते. काही बोलली नाही. माझ्या हातातून सराटा घेतला आणि गंजावर झाकण ठेवलं.